सावंतवाडीचा मोती तलाव : चाळीस माणसं, एक दिवस. नियोजन सांगा

कोकमसरबत
नमस्कार मंडळी. कणकवलीहून एक बस, चाळीस माणसं, मेचा दुसरा रविवार. मुलं बारा (सहा ते चौदा वर्षं), ज्येष्ठ नऊ, त्यांतल्या एक आजी चाकाच्या खुर्चीवर. उरलेल्या बचत गटाच्या बायका. बोटिंग, मुलांची खेळणी, ओपन जिम, राजवाडा आणि संध्याकाळी काठाने फेरी एवढं डोक्यात आहे. रात्री आठला घरी पोचायचं. कोणती गोष्ट कोणत्या वेळी ठेवावी आणि निघण्याआधी काय तपासावं ते सांगा. ‘मस्त जागा आहे, नक्की जा’ हे ठाऊक आहे, ते सोडून लिहा.

झाराप_फाटा
पहिलं बसवाल्याचं. चौपदरी महामार्ग झारापवरून सरळ इन्सुली-बांद्याकडे जातो, सावंतवाडी शहरात शिरत नाही. ड्रायव्हर नवखा असेल तर शहर बाजूला टाकून पुढे निघून जातो आणि इन्सुलीहून उलटा येतो. झारापला जुन्या रस्त्याला लागा असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. कुणी रेल्वेने येणार असेल तर सावंतवाडी रोड स्टेशन मळगावात आहे, शहरापासून सात-आठ किलोमीटर. उतरलं की रिक्षा, चालत नाही.

तलाव भर शहरात आहे, १८७४ साली बांधलेला. समोर राजवाडा, बाजूला बाजार आणि काठाला लागून रहदारीचा रस्ता. म्हणजे कुंपणाच्या आतल्या बागेसारखा हिशेब इथे चालत नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गाड्या. मुलांची रांग कठड्याच्या बाजूला आणि मोठी माणसं रस्त्याच्या बाजूला असं चालवा. बस काठावर उभी ठेवू नका. माणसं उतरवायची, बस लांब नेऊन लावायची, परतीची जागा आणि वेळ ठरवूनच ड्रायव्हरला सोडायचं.

मचवा
बोटिंगचं मी लिहितो, कारण सहलवाले हमखास तिथेच चुकतात. जेवण झालं, ऊन आहे, म्हणून तीन वाजता बोटीत. ती दिवसातली सगळ्यात वाईट वेळ.

मे महिन्यात दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. वेंगुर्ल्याचा किनारा जवळ आहे, त्यामुळे तो सावंतवाडीपर्यंत सहज पोचतो. साधारण दोन ते पाच त्याचा जोर. पॅडल बोट बुडाला सपाट, पाण्याखाली वीतभर आणि वर छप्पर, हंसाचं डोकं, चार माणसं. म्हणजे वाऱ्याला शिडासारखी आणि पाण्यात पकड नाही. जाताना वारा पाठीवर घेऊन हसत हसत पलीकडे जातात आणि येताना पाय मारून मारून बोट जागची हलत नाही. वेळ भरली म्हणून धक्क्यावरचा माणूस शिट्टी मारतो, घाबरून कुणीतरी उभं राहतं, आणि मग अपघात.

तेव्हा बोटिंग सकाळी, सुरू होताच. आणि वेळ कुठलीही असो, आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, परत येताना वारा पाठीशी. वारा कळत नसेल तर पाण्यावरच्या सुरकुत्या कुठून येताहेत ते बघा किंवा धक्क्यावरचं फडकं.

बसण्याची रीत : एका वेळी एकच माणूस. धक्क्यावरच्या माणसाने बोट धरलेली असताना पाऊल बोटीच्या मधोमध टाकायचं, काठावर नाही. गुडघे वाकवून लगेच बसायचं. उतरताना उलट क्रम. जड माणसं दोन बाजूंना विभागायची. वजनदार बाबा आणि सहा वर्षांची मुलगी शेजारी बसवली तर बोट एका अंगाला कलते, एका बाजूचं पातं पाण्यात खोल जातं आणि सुकाणू सरळ धरलं तरी बोट गोल फिरत राहते. लोकांना वाटतं सुकाणू बिघडलं.

बोट थांबवायला ब्रेक नसतो. पॅडल उलटं मारायचं. धक्क्याजवळ येताना दहा-बारा हात आधीच पाय थांबवा आणि शेवटी दोन-तीन उलट फेरे. हाताने किंवा पायाने धक्क्याला अडवायला जाऊ नका. चार माणसांसकट बोटीचं वजन काही क्विंटलांत असतं, बोटं चेंगरतात.

पॅडल एकाएकी जड झालं तर पात्यात जलपर्णी किंवा प्लास्टिकची पिशवी अडकलेली असते. तीन-चार फेरे उलटे मारा, बहुधा सुटते. हात घालून काढायचंच असेल तर आधी दोघांनी पॅडलवरून पाय पूर्ण उचलायचे.

कोकमसरबत
@मचवा, फार उपयोगी. लाईफ जॅकेट तिथे मिळतातच, मग त्यात आम्ही काय बघायचं?

मचवा
मिळतं आणि अंगावर बसतं यांत फरक आहे. चार गोष्टी बघा.

जॅकेटच्या आत लेबल असतं, त्यावर किती किलो वजनाच्या माणसासाठी ते लिहिलेलं असतं. मुलाला मोठ्याचं जॅकेट दिलं तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगतं आणि मूल खालून निसटतं. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून बघा. कानापर्यंत सरकलं तर ते त्या मुलाचं नव्हे. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा, आणि तो लावलेला हवा. बहुतेक ठिकाणी तो मागे लोंबत असतो.

फोम दोन बोटांनी दाबा. लगेच फुगून आला पाहिजे. कागदासारखा चुरचुरला किंवा दबलेला तसाच राहिला तर जॅकेट म्हातारं झालं. हातात घेतल्यावर ओलं-जड लागलं तरी बदलून मागा. बकलं सगळी लावायची. वरचं एक लावून खालची दोन मोकळी ठेवायची पद्धत फोटोपुरती ठीक.

बायका म्हणतात, एवढंसं जॅकेट मला काय तरंगवणार. पाण्यात बुडालेल्या माणसाचं डोकं वर ठेवायला जेमतेम तीन ते पाच किलोंची उचल पुरते. शरीराचा बाकी भार पाणीच पेलतं. म्हणून जॅकेट छोटं असलं तरी चालतं, सैल असलं तर नाही. आणि साडीवरून घालताना पदर आत खोचा. पदर किंवा ओढणी पॅडलच्या दांड्यात जाते.

बोट उलटलीच तर पोहत काठ गाठायचा नाही. उलटलेली बोट तरंगतेच, तिला धरून राहायचं. पट्टीचा पोहणारा असला तरी.

आणि हो, धक्क्यापाशी सुटका करणारी वेगळी बोट आणि दोरी बांधलेली रिंग दिसली नाही तर तिकीट काढू नका. मुलं रुसली तर रुसूदेत.

चिरेबंदी
खुर्चीवरच्या आजींसाठी. उतार बरोबर असला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, पायरीने मोजा. नियम असा की उंची एक तर लांबी बारा. सहा इंचांची एक पायरी चढायला सहा फूट लांब उतार लागतो. दोन पायऱ्या म्हणजे बारा फूट. फळी टाकून भागवू म्हणाल तर तीन फुटांच्या फळीवर खुर्ची मागे उलटते. एखाद-दुसरी पायरी असेल तर फळी नको, खुर्ची मागच्या चाकांवर तिरकी करून दोघांनी चढवा. उतरवताना आजींची पाठ उताराकडे, मागची चाकं आधी खाली. पुढे तोंड करून उतरवलं तर आजी खुर्चीतून घसरतात.

पेव्हर ब्लॉकवर पुढची छोटी चाकं फटीत अडकतात. आपल्याकडे हे जास्त होतं, कारण खाली लाल मातीचा भराव. पावसात कडेचं पाणी झिरपतं, भरावातली बारीक माती वाहून जाते आणि ब्लॉक एकेक करून खचतात. वरून ठाकठीक दिसतं, पाय पडला की डुगडुगतं. ज्येष्ठांना सांगा, ज्या ब्लॉकभोवतीची रेती निघून काळी फट दिसते त्यावर पाय देऊ नका.

मेमध्ये चिऱ्याच्या पायऱ्या कोरड्या असतात, त्यामुळे निर्धास्त वाटतं. पण पाण्यालगतच्या खालच्या दोन-तीन पायऱ्या बारमाही निसरड्या. जांभा सच्छिद्र, तो पाणी धरून ठेवतो, त्यावर शेवाळाचा थर कायम. वाळलेला दिसतो, ओला पाय पडला की साबण. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि याच पायऱ्या उघड्या पडतात, फोटोला सगळे तिथेच जातात. आणि पावसाळ्यात जायचं ठरलं तर मग सगळीच जमीन अशी धरा. झिजलेल्या तळव्यांच्या चपला घरी ठेवा.

पाणी उतरण्याचा दुसरा परिणाम बोटीच्या धक्क्यावर. धक्का पक्का बांधलेला असेल तर बोट फूट-दीड फूट खाली जाते आणि ज्येष्ठांना उतरणं अवघड. तरंगता असेल तर प्रश्न नाही. निघण्याआधी फोन करून हेच विचारा : धक्क्यापासून बोट किती खाली आहे, आणि गाळ काढण्यासाठी पाणी सोडलेलं नाही ना. मे हा गाळ काढण्याचाच महिना. बस भरून जायचं आणि समोर जेसीबी, असं नको.

माडावरचो
माशांक पाव, चपाती, कुरमुरे घालू नका हां. पोरा घालतत, मोठे फोटो काढतत. पाणी कुसता.

गोडं_पाणी
माडावरचो यांनी तीन वाक्यांत सांगितलं त्याचं कारण असं. मासे खातात त्यापेक्षा जास्त पाव तळाला जातो. तो कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सुटलेल्या खतावर शेवाळ वाढतं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्रभर तेही तो घेतंच. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. सकाळी लवकर पोचलात आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर मुलं म्हणतील भूक लागली. भूक नव्हे, श्वास कोंडलाय. त्या वेळी पाव टाकणं म्हणजे उलटं औषध.

मेमध्ये पाणी कमी, गरम, आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. एकदोन ढगाळ दिवस आले किंवा वळवाचा पाऊस तळाचा गाळ ढवळून गेला की मासे मरून वर येतात. कुणी विष टाकलं अशी आवई उठते. बहुतेक वेळा कारण हेच.

पाण्याचा रंग बघायची सवय मुलांना लावा. तपकिरी-लाल म्हणजे माती, पहिल्या पावसानंतरची. पातळ हिरवा चालतो. हिरव्या रंगाच्या सायीसारखा थर काठाला साचला असेल तर त्यात हात-पाय नकोत, बोटीतून हात बुडवणंही नको. जलपर्णीचा जांभळा फुलोरा सुंदर दिसतो, पण ती अनुकूल हवेत साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. मुलांनी एक रोप खेळायला उचलून गावच्या तळीत नेऊन टाकलं की पुढच्या वर्षी तळी झाकली.

पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. सिंधुदुर्गात लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) आहे. पायाला जखम असेल तर काठच्या साचलेल्या पाण्यात उतरू नका. नंतर ताप आला तर डॉक्टरला आपणहून सांगा की पाण्यात पाय गेला होता.

व्यायामशाळा
ओपन जिम बघून घ्या. बायका आणि ज्येष्ठ यांच्यासाठी चांगली, मुलांसाठी नाही. तिथली यंत्रं मोठ्यांच्या मापाची असतात आणि हलत्या भागांच्या फटी मुलांच्या बोटांएवढ्या.

खाऱ्या हवेत लोखंड आधी कुठे जातं? जमिनीलगत, जिथे खांब काँक्रीटमध्ये शिरतो तिथे. वर रंग ताजा असतो आणि खाली पापुद्रे सुटलेले. बसण्याआधी खांब हाताने हलवा, तळाचे बोल्ट बघा. पट्टी वरखाली करकरते ते तेल नाही म्हणून, ते चालेल. पण बाजूला हलते तर बेअरिंग गेलंय, सोडून द्या.

हवेत चालण्याचं यंत्र (दोन झुलत्या पावलांचं) हेच जास्त पाडतं. चढताना दोन्ही हातांनी दांडी धरून एक पाऊल, ते स्थिर झालं की दुसरं. उतरताना झुलणं पूर्ण थांबू द्यायचं. लोक चालत्यातूनच उडी मारतात आणि परतणारं पाऊल नडगीवर बसतं. प्रत्येक यंत्रावर पाच मिनिटं पुष्कळ. जोर लावताना श्वास रोखायचा नाही, रक्तदाबवाल्यांनी खासकरून.

अकरा ते चार धातूला हात लावू नका. हाताची मागची बाजू टेकवून बघा, चटका बसला तर घसरगुंडीही त्या वेळी बंद. पत्र्याच्या घसरगुंडीवर हाफ पँटमधलं मूल मांड्या भाजून घेतं.

झोपाळ्यामागे आणि पुढे किती जागा मोकळी हवी? झोपाळा ज्या दांड्याला टांगलाय त्याच्या उंचीच्या दुप्पट. दांडा सात फुटांवर असेल तर पुढे चौदा, मागे चौदा. रांग लावणारी मुलं नेमकी तिथेच उभी असतात. चपलांनी जमिनीवर रेघ ओढा आणि एका ताईला तिथे उभं करा.

सांजवेळ
सगळे सकाळ सकाळ करताय, पण तलावाची खरी मजा सूर्यास्ताला. राजवाड्याचे दिवे, पाण्यात पडलेली सावली. सहा-साडेसहाला बोट काढली तर वाराही पडलेला असतो. माझं मत संध्याकाळीच.

मचवा
@सांजवेळ, वारा पडतो हे खरं, त्यावर वाद नाही. पण चाळीस माणसं, समजा चारचार आसनांच्या पाच बोटी, म्हणजे दोन फेऱ्या. जॅकेटं चढवणं-उतरवणं धरून एका फेरीला पाऊण तास. साडेसहाला सुरू केलं तर दुसरी फेरी अंधारात. दोघं-चौघं असतील तर तुमचं बरोबर. आणि मेच्या दुसऱ्या पंधरवड्याकडे जाताना संध्याकाळीच गडगडतं.

कोकमसरबत
गडगडाटाचं नीट सांगा कुणीतरी. बायका झाडाखाली जातील.

झाराप_फाटा
वीज दिसली की आकडे मोजा. आवाज यायला तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की पाण्यावरून, मोकळ्यातून आणि झाडाखालून निघायचं, पक्क्या इमारतीत किंवा बसमध्ये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. पाऊस थांबला म्हणून लगेच बाहेर पडतात, ते चुकीचं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं. एकाच्या तरी फोनमध्ये घ्या. ओपन जिमचे खांब, बोटीचा दांडा, पत्र्याची शेड यांच्याजवळ थांबू नका. बस चालते, खिडक्या बंद करून, पत्र्याला हात न लावता.

ठाणेकर_मावशी
इकडे ठाण्यात मासुंद्यावर, म्हणजे तलावपाळीला, तेच सगळं लागू. फरक गर्दीचा. रविवारी संध्याकाळी गडकरी रंगायतनसमोर पाय ठेवायला जागा नसते, दिवाळी पहाटेला तर विचारूच नका. निवांत चालायचं असेल तर महापालिकेजवळची कचराळी, डोंगराच्या कुशीत बसायचं असेल तर येऊरच्या पायथ्याचं उपवन. गर्दीच्या तलावावर मुलांच्या दंडावर पेनाने फोन नंबर लिहा. गळ्यातली चिठ्ठी ओली होते नाहीतर हरवते.

चिरेबंदी
संगीत कारंजं असेल तर त्याच्या भरवशावर वेळापत्रक लावू नका. लाल माती मिसळलेलं पाणी पंपात गेलं की नोझल चोंदतात, चाळीसपैकी दहा उडतात. आदल्या दिवशी विचारा, आणि बसताना वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसा. खालच्या अंगाला बसलेल्यांवर तुषार येतात, ते तलावाचंच पाणी.

कोकमसरबत
सगळ्यांचे आभार. आता असं धरलंय. साडेसातला निघायचं. पोचल्यावर आधी खेळणी आणि ओपन जिम, ऊन चढायच्या आत. बोटिंग सुरू होताच दोन फेऱ्या. अकरा ते चार पाण्यापासून लांब : राजवाडा, मग जेवण, मग चितारआळीत लाकडी खेळणी. चार ते सहा काठाने फेरी, ज्येष्ठ बाकांवर. सहाला बस. राजवाड्याची दुपारची वेळ फोनवर विचारणार आहे.

झाराप_फाटा
चितारआळीत मुलांना नुसती फळं-भाज्या विकत घेऊन देऊ नका. राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले जुने पत्ते) बघितल्यावर नेलंत तर बरं. दशावतारी गंजिफा एकशे वीस पानांची, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं. मत्स्य-कूर्म मुलं पटापट ओळखतात. लाकडी फळं पाण्यात घालून तरंगतात का बघणं हा खेळ नको, रंग खराब होतो. दुकानदार काही बोलत नाहीत, पण कपाळाला आठी पडते.

मचवा
एक दुरुस्ती. खेळणी आधी आणि बोट नंतर, असं केलंत तर मुलं घामाघूम होऊन जॅकेटं चढवतील आणि पाचव्या मिनिटाला काढायला बघतील. बोट आधी. नऊ ज्येष्ठांपैकी जे बोटीत जाणार नाहीत त्यांना तेवढ्यात ओपन जिम. आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये कुणाला पाणी पाजायचं ते धक्क्यावर नाही, मागे सावलीत. धक्क्यावर सांडलेलं पाणी आणि चपला, पुढचं चिरेबंदी यांनी लिहिलंच आहे.

कोकमसरबत
बदललं. आजींची खुर्ची त्या वेळी कुठे ठेवू?

चिरेबंदी
धक्क्यापासून लांब, सपाट जागी, चाकं पाण्याला समांतर, तोंड तलावाकडे नव्हे. ब्रेक दोन्ही बाजूंचे लावा आणि मागच्या चाकाखाली एक चिऱ्याचा तुकडा. आजी मान वळवून बोटी बघतील.